आप्पा पाणी मागायचे

फोन आला तेव्हा मी बँकेत जाण्यासाठी डबा भरत होते. पलीकडून वृद्धनिवासाच्या मॅनेजरसाहेबांचा आवाज इतका मऊ होता की आधी शंका आली आणि मग बातमी कळली. माझे काका, आमचे आप्पा, गेले. "झोपेतच गेले मॅडम, अगदी शांत. काही त्रास नाही. सविता सिस्टर शेवटपर्यंत त्यांच्याजवळच होत्या," असं ते म्हणाले. रिक्षात बसले तेव्हा रडू यायला हवं होतं, पण सिडकोपासून गंगापूर रोड संपेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली... माणूस झोपेत शांतपणे जात असेल, तर सिस्टरला जवळ बसायचं सुचलं कसं? आणि ती जवळ बसलीच होती, तर डॉक्टरांना बोलवायचं का नाही सुचलं? हा विचार माझा नव्हता, आप्पांचा होता. त्यांच्या संशयी स्वभावाला हसण्यात आमची सगळ्यांची वर्षं गेली आणि ते गेल्याच्या पहिल्याच तासात तो स्वभाव माझ्या वाट्याला आला.

वृद्धांच्या त्या निवासात आप्पा आणि काकू एकाच खोलीत राहत होते. मी पोचले तेव्हा आप्पा आपल्या पलंगावर होते, केस नीट विंचरलेले, हात छातीवर. अंगाखाली निळी, नवी चादर. चादरीवर घडीच्या रेषा अजून उभ्या होत्या. ती निळी चादर मला माहीत होती. ती कुलुपातल्या कपाटात असते आणि फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर निघते. एरवी सगळ्यांना धुऊन धुऊन विरलेल्या चादरी. म्हणजे आप्पा गेल्यावर आणि मी पोचण्याआधी कुणीतरी आधीची चादर काढून नेली होती. त्या चादरीवर मला दिसू नये असं काय होतं? टेबलावर आप्पांचा पितळी तांब्या पालथा घातलेला. मी तो उचलून आत बोट फिरवलं, तर कोरडा ठणठणीत. उशाशी भरलेला तांब्या असल्याशिवाय आप्पा आयुष्यात कधी झोपले नाहीत. समोरच्या पलंगावर काकू उताणी पडलेली. मला वाटलं ती माझ्याकडे पाहतेय, म्हणून जवळ गेले, पण तिची नजर माझ्यावर नव्हती, टेबलावरच्या तांब्यावर होती. मी मग तिचा हात हातात घेऊन बसून राहिले.

आप्पा माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गाव सायखेडा, पण नोकरी सगळी पेठ, सुरगाणा आणि दिंडोरीकडे. शिक्षण विस्तार अधिकारी होते, म्हणजे लोकांच्या भाषेत शाळा तपासणारे साहेब. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे प्रेमही आमच्याच वाट्याला आणि तपासणीही. मेथीची जुडी घेतली की सोडून मधली पानं बघणार. दुधात बोट घालणार. दिंडोरीची द्राक्षं रस्त्याकडेला घ्यायची म्हटलं की पेटीच्या तळात हात घालून खालचा घड वर काढणार. विकणारा म्हणायचा, "साहेब, वरचं घ्या नाय तं खालचं घ्या, बाग एकच हाय," आणि आप्पा म्हणायचे, "बाग एकच असंल, पण पेटी भरणारा हुशार दिसतो." काकू बाजूला उभी राहून पदरात तोंड लपवून हसायची. ती त्यांना म्हणायची, तुम्ही देवळात गेलात तरी देवाला खालून बघाल.

पण आप्पांचं खरं हत्यार होतं पाणी. ते त्यांना कसं सापडलं याची गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की माझी मुलंसुद्धा ती सांगतात. डोंगराकडच्या एका वस्तीवर शाळेची तपासणी होती. वर्ग गच्च भरलेला, पोरं खणखणीत पाढे म्हणतायत, फळ्यावर सुविचार. उन्हातून आलेल्या आप्पांना तहान लागली. त्यांनी पहिल्या रांगेतल्या मुलीला सांगितलं, बाळ, जरा पाणी आण. मुलगी उठली, दाराबाहेर गेली... ती आलीच नाही. अर्ध्या तासाने हेडमास्तर सायकलवर टांग टाकून तिला शोधायला निघाले, तर ती टेकडीपलीकडच्या गावाच्या वाटेवर सापडली. तिच्या शाळेतला माठ त्या गावात होता. तिने बिचारीने साहेबांसाठी पाणी आणायला तिकडंच जायचं ठरवलं होतं! पट कमी दिसू नये म्हणून शेजारच्या गावातून उसनी पोरं आणून बसवली होती. त्या दिवसापासून आप्पांनी हजेरीपट आधी उघडणं सोडलं. वर्गात शिरायचं, एखाद्या पोराला पाणी आणायला सांगायचं आणि त्याची पावलं बघायची. जो रोज शाळेत येतो तो विचार न करता वळतो. उसना असतो तो आधी गुरुजींकडं बघतो.

मी एकदा विचारलं होतं, मग त्या शाळांचं तुम्ही काय केलंत? शाळा बंद केल्या? आप्पा म्हणाले, बंद केली तर जी चार खरी पोरं आहेत ती कुठं जाणार? ते पुढच्या आठवड्यात न सांगता पुन्हा जायचे. पुन्हा पाणी मागायचे. मास्तर कंटाळून खरी पोरं गोळा करायला लागेपर्यंत जात राहायचे. "तपासणी म्हणजे पाहुणे येणार म्हणून आवरलेलं घर," ते म्हणायचे. "आवरलेलं घर बघून काय कळणार? पाणी मागितलं की कळतं." माझ्या लग्नाच्या वेळी मुलाच्या घरी गेल्यावरही त्यांनी हीच खोडी काढली. चहा-पोहे नाकारले आणि थेट नवऱ्या मुलाला म्हणाले, तुम्हीच आणा हो पाणी. ज्या मुलाला आपल्या घरातला माठ ठाऊक नाही त्याच्या घरी पोरगी द्यायची नाही, असं त्यांनी आदल्या दिवशीच जाहीर केलेलं. आमचे हे गडबडीत उंबऱ्याला अडखळले, पण दिशा चुकले नाहीत. पास झाले.

इतक्या संशयी माणसाने एका बाबतीत मात्र कधी पुरावा मागितला नाही. काकूला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात थोडाफार हलायचा, तेवढाच. डॉक्टर म्हणाले, त्यांना किती समजतंय हे सांगता येणार नाही, बहुधा फारसं नाही. आप्पा म्हणाले, "विमलला सगळं कळतं." बस. तिला रोजचं वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, भाजीचे भाव सांगायचे, निवासातल्या लोकांच्या चहाड्या करायचे, आणि मध्येच थांबून तिचं उत्तर ऐकल्यासारखी मान डोलवायचे. आम्ही एकमेकांकडे बघायचो. म्हातारा स्वतःची समजूत घालतोय, असंच आम्हाला वाटायचं.

घरी दोघांचं होईना, म्हणून ते निवासात गेले. खरं तर काकूला ठेवायचं होतं. आप्पा म्हणाले, आम्ही दोघं एका खोलीत, नाहीतर कुणीच नाही. निवास दिसायला देखणा आहे. पुढं बाग, स्वागतकक्षात "उत्कृष्ट" असं प्रमाणपत्र काचेत लावलेलं, जेवणघराच्या तोंडाशी चकचकीत स्टीलचा वॉटर कूलर. आप्पांनी पहिल्याच दिवशी त्याचा नळ फिरवला. थेंब नाही. खरं पाणी जिन्यामागच्या मोरीपाशी, भिंतीवरच्या जुन्या फिल्टरमधून यायचं. खोलीतून बाहेर पडलं की कूलर उजवीकडं, फिल्टर डावीकडं. आप्पांचा चेहरा असा उजळला की मला भीतीच वाटली. "सुनंदा," ते म्हणाले, "हे लोक आपणहून माझी सोय करून बसलेत."

दिवसा सगळं बरं चालायचं, हे मी खोटं सांगणार नाही. जेवण गरम, औषधं वेळेवर. प्रश्न रात्रीचा होता. काकूसारख्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस थोड्या थोड्या वेळाने बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या आत आत जातात. रात्री त्या अख्ख्या मजल्याला एकच मावशी असायची. ती वाईट नव्हती, एकटी होती. या टोकाला कुणाला उठवतेय तोवर त्या टोकाची घंटा वाजायची. मग आप्पा स्वतः उठायचे, काकूच्या खालची चादर दोन्ही हातांनी ओढून तिला वळवायचा प्रयत्न करायचे. त्यांचे गुडघे कामातून गेले होते. तरी काकूच्या कमरेवर लाल डाग दिसायला लागलाच. आप्पांनी मॅनेजरला रात्रीची दुसरी बाई मागितली, आणि मॅनेजर गोड हसून म्हणाले, आहे की, रजिस्टरला दोघी आहेत. पुढे आप्पांना त्यांच्या गोड हसण्याचाही संशय यायला लागला. माझ्या मते तो संशय बरोबरच होता.

मग तपासणी आली. आम्हा नातेवाइकांना मुद्दाम बोलावणं होतं, म्हणून मी रजा टाकून गेले. कुलुपातल्या निळ्या चादरी सगळ्या पलंगांवर. फिनेलचा वास डोळ्यांत झोंबत होता. आणि मजल्यावर एवढ्या सिस्टर, एवढ्या मावश्या, की चालायला जागा नाही. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले होते. मला म्हणाले, "उसनी पोरं आलीत बघ." तपासणीला एक बाई होत्या आणि त्यांच्याबरोबर एक सहायक. बाई खोलीत आल्या, काकूच्या पलंगाशी उभ्या असलेल्या तरुण सिस्टरने झटकन उशी सारखी केली. बाईंनी आप्पांना विचारलं, बाबा, काही तक्रार?

मला वाटलं, आता आप्पा बोलतील. रात्रीची एकटी मावशी, काकूची कंबर, सगळं. त्यांनी आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग काकूकडे. तपासणीचे लोक तासाभराने जाणार होते आणि काकू रात्री तिथेच राहणार होती, ते माझ्याही लक्षात आलं. आप्पा म्हणाले, "तक्रार काही नाही हो. जरा पाणी मिळालं तर बरं." आणि त्यांनी त्या तरुण सिस्टरपुढे तांब्या धरला. तिने मॅनेजरकडे पाहिलं. तांब्या घेऊन दाराबाहेर गेली आणि उजवीकडे वळली. कूलरच्या नळाची रिकामी खटखट आम्हाला खोलीत ऐकू आली. मॅनेजर घाईघाईने म्हणाले, अहो बाटली आणा, बाटली! तपासणीच्या बाईंनी दाराकडे पाहिलं, मग आप्पांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुढच्या खोलीत गेल्या.

आप्पा त्या संध्याकाळी खूश होते. बाईंना कळलंय, म्हणाले, पण त्या लिहितील का, हे सांगता येत नाही. कळणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, चाळीत राहणाऱ्याला शेजाऱ्याचं सगळं कळतं म्हणून कुणी पोलिसांत जातं का. निकाल आला तो "उत्तम" असा आला आणि जुन्या चौकटीशेजारी नवी चौकट लागली. पण त्यानंतर मॅनेजर मला आपणहून म्हणाले की रात्रीसाठी सविता सिस्टरची खास नेमणूक झालीय. मी ते आप्पांना फोनवर सांगितलं. "असंल," आप्पा म्हणाले. "मला अजून दिसली नाही. विमलला विचारलं, तिलाही दिसली नाही." मी हसले. त्यानंतर आमचं फोनवर दोनतीनदा बोलणं झालं, आणि मग तो मऊ आवाजातला फोन आला.

दहावं झाल्यावर मी मॅनेजरना म्हटलं, सविता सिस्टरना भेटायचंय. आप्पांच्या शेवटच्या क्षणी त्या होत्या, त्यांचे आभार मानायचेत. ते म्हणाले, त्यांची आता दिवसपाळी आहे. दुसऱ्यांदा गेले तर, आज सुट्टी आहे. तिसऱ्यांदा, आज बाहेर गेल्यात. मी जात राहिले. एका दुपारी शेवटी सविता सिस्टर आल्या. ओळखीचा चेहरा होता... तपासणीच्या दिवशी काकूची उशी सारखी करणारी तीच मुलगी. मी आप्पांच्या खुर्चीत बसले होते. ती उभी राहून पाठ केल्यासारखं सांगत होती, बाबा शांत होते, काही बोलले नाहीत, मी हात धरला होता. मी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, "फार ऊन आहे गं बाहेर. पाणी देतेस का थोडं?"

तिने तांब्या उचलला आणि दारातून उजवीकडे वळली.

ती परत आली. कूलर एकदा कोरडा सापडला होता, तरी दुसरं पाणी कुठं असतं हे तिला अजून ठाऊक नव्हतं. तिच्या हातात रिकामा तांब्या होता आणि तो कुठं ठेवावा हे तिला कळेना. "मॅडम, मी दुसऱ्या शाखेत असते," ती खाली बघत म्हणाली. "इकडं बोलावतात तेव्हाच येते. मला जे सांगितलं ते मी बोलले." मी तिला विचारलं, मग त्या रात्री त्यांच्याजवळ कोण होतं? तिने एकदा काकूच्या पलंगाकडे पाहिलं. "आजी होत्या ना," म्हणाली. "बाकी मला नाय माहीत."

त्या रात्री काय झालं ते मला आजही माहीत नाही. आप्पा पाण्यासाठी उठले का, काकूला वळवायला उठले का, पडले का, किती वेळ पडून राहिले... ती काढून नेलेली चादर कुठं गेली. ज्या एकट्या मावशीची त्या रात्री पाळी होती ती काम सोडून गेली म्हणतात. जे घडलं ते पाहणारी एकच व्यक्ती आहे आणि तिला बोलता येत नाही. मला याचा राग येतो, अजूनही जेवता जेवता येतो. मी त्या तपासणीच्या बाईंना जाऊन भेटले, सगळं सांगितलं, लेखी दिलं. त्या म्हणाल्या, पाण्याचं माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं, पण पावलं कुठं वळली याला आमच्याकडे रकाना नाही. मग म्हणाल्या, मी येईन. कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. हे मात्र मला आवडलं.

वाचणाऱ्याला वाटेल, मग काकूला तिथून काढत का नाही? मी आणखी दोन ठिकाणं बघून आले. दोन्हीकडे स्वागतकक्षात चौकटी आणि बाग. रात्री किती जणी असतात असं विचारलं की दोन्हीकडे तेच गोड हसू. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आम्ही दोघंही नोकरीला. तळमजल्याची जागा शोधतेय. ती मिळेपर्यंत काकू तिथंच आहे, आणि म्हणूनच या लेखात मी त्या निवासाचं नाव लिहिलेलं नाही. हे छापून आलं की ते कूलर दुरुस्त करतील, याची मला खात्री आहे. करू देत. निदान त्या म्हाताऱ्या माणसांना थंड पाणी तरी मिळेल. आणि मी आप्पांची पुतणी आहे, विचारण्यासारखं दुसरं काहीतरी मला सापडेल.

तोवर मी जाते. कधी बँकेत जाण्याआधी, कधी रविवारी भर दुपारी, कधी सगळ्यांची जेवणं झाल्यावर. मॅनेजर आता हसत नाहीत. गेल्या आठवड्यात संध्याकाळी गेले तर म्हणाले, रात्रीची दुसरी बाई ठेवलीय, या, ओळख करून देतो. मंगल नावाची, मध्यम वयाची, केस घट्ट बांधलेली बाई पाठोपाठ खोलीत आली. नमस्कार करून उभी राहिली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, चादर निळी नाही, पण म्हणून काय झालं. आल्या आल्या मी आप्पांचा तांब्या फिल्टरवरून काठोकाठ भरून काकूच्या डाव्या हाताशी ठेवला होता, त्यामुळे पाणी मागायला निमित्त काय काढावं याचा विचार करत होते.

तेवढ्यात टकटक ऐकू आली. काकूचा डावा हात चादरीतून बाहेर आला होता आणि तिचं बोट तांब्यावर आपटत होतं. मंगल वाकून म्हणाली, "आजी, भरलेला आहे की हा." काकूने पुन्हा टकटक केली. मंगलने माझ्याकडे पाहिलं. आप्पांनी एवढ्या सगळ्या आयुष्यात ज्या एका गोष्टीवर संशय घेतला नाही, ती माझ्या डोळ्यांसमोर बोटाने तांब्या वाजवत होती. "बरं, ताजं आणते," असं म्हणून मंगलने तो भरलेला तांब्या उचलला आणि ती दाराकडे निघाली. काकूची नजर तिच्या पावलांवर होती. माझीही.

मंगल डावीकडे वळली. काकूने हात चादरीत घेतला आणि डोळे मिटले.